तर्री की क्वार्टर, हे सीटीला विचारू नका

नंदनवनच्या एका ताईंचं पत्र आहे. लांब होतं, थोडक्यात देते:

"आमच्या मिस्टरांचं वय 47. गांधीबागेत होलसेलचं दुकान आहे. रात्री दुकान बंद करून येताना एक क्वार्टर, शनिवारी दोन. चौदा वर्षं झाली. मागच्या महिन्यात उजवीकडे पोट जड वाटते म्हणून रक्त तपासलं, धंतोलीत सोनोग्राफी केली. ग्रेड 2 फॅटी लिव्हर, प्लीहा (स्प्लीन) थोडी मोठी, आणि लिव्हरमध्ये 14 मिलिमीटरची एक वेगळी दिसणारी जागा. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी 112, एसजीपीटी 48, आणि प्लेटलेट्स 1 लाख 38 हजार. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. पिण्याचं विचारलं तर हे म्हणाले, 'कधीकधी.' मी बाजूलाच होते, गप्प बसले. घरी येऊन म्हणतात, फॅटी लिव्हर तर्री-पोह्यानं झालं, अख्ख्या नागपूरला असते. आणि सीटी नॉर्मल आला तर माझ्या पिण्यावर कोणी बोलायचं नाही! सासूबाईंना भीती, त्या मशीनच्या किरणांनी कॅन्सर होईल. भासरे (थोरले दीर) म्हणतात, तपासण्या सोडा, आठ दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटते. मागच्या श्रावणात सोडली होती. दुसऱ्या रात्री घामानं चिंब, हात थरथर, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणाले. तिसऱ्या दिवशी मीच आणून दिली. सीटी करू की नको?"

ताई, सीटी करा. पण आधी भासऱ्यांचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट त्या कोंडण्यात आहे.

भिंतीवर ज्या मुंग्या दिसल्या, त्या मनाचे खेळ नव्हते. रोज दारूची सवय झालेल्या मेंदूची दारू एकदम तोडली की तो भडकतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी धावते. यात उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. बंद खोलीत, बाहेरून कडी लावून, हे होऊ द्यायचं का? तिसऱ्या दिवशी तुम्ही बाटली आणून दिली म्हणून स्वतःला खात बसू नका. त्या रात्री त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं, एवढंच. आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. "श्रावणात सोडतो ना मी, मग बेवडा कसा?" हे वाक्य मी नागपुरात इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्याला उलट प्रश्न करते, श्रावणाच्या दुसऱ्या रात्री काय झालं होतं ते सांगा. उत्तर तिथे असतं.

म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत. गोळ्या देऊन थरथर आवरतात, बी-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, मग हळूहळू गोळ्या कमी करतात. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आणि मिहानच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत, तिथे हे रोजचं काम आहे. मनोविकार म्हटलं की घरचे बिचकतात. बिचकू द्या.

आता सीटी.

मी पंचवीसेक वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून असले फोटो वाचले, म्हणून त्या पडद्यावर काय दिसतं ते सांगते. सीटीमध्ये शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. हे मशीन बनवणाऱ्या इंग्लंडच्या हाउन्सफील्ड यांच्या नावानं ही एककं ओळखली जातात. 1979 चं नोबेल त्यांना आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं होतं. निरोगी लिव्हरचा आकडा साधारण 55 ते 65 असतो आणि तो प्लीहेपेक्षा आठ-दहानं जास्तच असतो. लिव्हरमध्ये चरबी साचली की आकडा खाली येतो. औषध न टोचता काढलेल्या फोटोवर मी लिव्हरवर एक छोटं वर्तुळ काढायची, मग प्लीहेवर. लिव्हर 28, प्लीहा 49, असं आलं की चरबी आहे का हे विचारायची गरज उरत नाही. कधी कधी आकडे बघायच्या आधीच कळतं. लिव्हर इतकं काळवंडलेलं असतं की त्यातल्या रक्तवाहिन्या, ज्या एरवी त्याहून काळसर दिसायला हव्यात, त्या उजळ फांद्यांसारख्या उठून दिसतात.

लिव्हरचा आकडा 40 च्या खाली किंवा प्लीहेपेक्षा दहानं कमी असेल तर चरबी मध्यम किंवा त्याहून जास्त समजतात. म्हणजेच थोडी चरबी असेल तर सीटी ती चुकवू शकतो. आणि चरबी आहे हे कळलं तरी ती सावजीच्या रश्श्यातून आली, साखरेच्या आजारातून आली की क्वार्टरमधून आली, हे तो आकडा सांगत नाही. पडद्यावर तिन्ही सारख्याच काळ्या. तर्रीचा बचाव म्हणून तुमच्या मिस्टरांनी हुशारीनं निवडलाय. मशीनसमोर तो टिकतो.

रक्तासमोर मात्र टिकत नाही. तुमचेच आकडे बघा: एसजीओटी 112, एसजीपीटी 48. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. खाण्यापिण्यातून आणि वजनातून होणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये, आजार फार पुढे गेलेला नसेल तर, बहुधा एसजीपीटी वर असतो. उलटं झालं की डॉक्टर मान वर करून रुग्णाकडे बघतात. याशिवाय वय, हे दोन आकडे आणि प्लेटलेट्स यांतून फिब-4 नावाचा एक गुणांक काढतात, 1.3 च्या खाली असेल तर निर्धास्त, 2.67 च्या वर असेल तर लिव्हर बरंच घट्ट झालं असण्याची शंका. तुमच्या आकड्यांवरून तो साडेपाचच्या जवळ येतो. चालू पिण्यानं एसजीओटी फुगतो आणि दारूनं प्लेटलेट्सही उतरतात, त्यामुळे हा आकडा थोडा आरडाओरडा करणारा आहे. तरी त्याला नुसता आरडाओरडा म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण सोबत प्लीहाही मोठी आहे.

मग सीटी नेमका कशासाठी? तुमच्या बाबतीत मुख्यतः त्या 14 मिलिमीटरसाठी. चरबी भरलेल्या लिव्हरमध्ये एखादा तुकडा चरबीशिवाय उरतो, विशेषतः पित्ताशयाजवळ, आणि सोनोग्राफीत तो गाठीसारखा भासतो. बऱ्याचदा तेवढंच निघतं. पण प्लेटलेट्स कमी, प्लीहा मोठी, चौदा वर्षांची दारू, अशा माणसात "बहुधा काही नसेल" म्हणून मी सोडणार नाही. यासाठी साधा सीटी पुरत नाही. चिठ्ठीवर 'ट्रिपल फेज' लिहिलेलं हवं. हातातून आयोडीनचं औषध टोचतात आणि साधारण अर्ध्या मिनिटानं, मग मिनिटभरानं, मग तीनेक मिनिटांनी असे फोटो घेतात. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा पहिल्या फोटोत चकाकते आणि नंतरच्या फोटोत आजूबाजूपेक्षा काळसर पडते. नुसता एकच फोटो घेतला तर हे येणं-जाणं दिसत नाही, आणि पुन्हा पैसे, पुन्हा किरणं. चरबीला वगळून उरलेला तुकडा असा खेळ करत नाही, त्याच्यातून रक्तवाहिन्या सरळ आपल्या वाटेनं जाताना दिसतात. तरीही शंका उरली तर एमआरआय करायला सांगतील. त्याचा अर्थ कॅन्सर सापडला असा काढू नका.

त्याच फोटोंत आणखी काही दिसेल. निरोगी लिव्हरची कड वांग्यासारखी गुळगुळीत असते; सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून घट्ट होतं तेव्हा, ती सीताफळाच्या सालीसारखी गाठाळते. उजवा भाग आक्रसतो, मागचा छोटा भाग, ज्याला कॉडेट लोब म्हणतात, तो फुगतो. लिव्हरमधून रक्ताला वाट मिळेना की ते आडवाटा शोधतं: अन्ननलिकेभोवती, प्लीहेभोवती वळणावळणाच्या शिरा तयार होतात. पोटात पाणी असेल तर तेही. आणि सीटी स्वादुपिंड फार छान दाखवतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत त्यात कधी कधी खड्यांचे पांढरे ठिपके दिसतात, पोट जड राहण्याचं कारण तिथेही असू शकतं.

एवढं सगळं दाखवणाऱ्या यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टीही तितक्याच मोठ्या आहेत. लिव्हरमध्ये दारूनं चाललेली सूज, म्हणजे अल्कोहोलिक हिपॅटायटिस, ही सीटीवर ठळक दिसत नाही. डोळे पिवळे, भूक मेलेली, ताप, पोट फुगलेलं, आणि सीटीच्या रिपोर्टमध्ये एवढंच की लिव्हर मोठं आहे, चरबी आहे. असा माणूस महिनाभरात जाऊ शकतो. सुरुवातीचा फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये जाळं विणायला लागलेलं असणं, सीटीला कळत नाही. सिरॉसिसही सुरुवातीला कडेवर काही न दाखवता बसलेला असू शकतो. लिव्हर किती घट्ट झालंय हे बघायला फायब्रोस्कॅन जास्त कामाचा: बरगड्यांवर एक हलकी टिचकी, सुई नाही, किरणं नाहीत, दहा मिनिटं. डॉक्टरांना त्याचं विचारा. पीत असताना केला तर सुजेमुळे आकडा जास्त येतो, म्हणून दारू सुटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

तेव्हा मिस्टरांच्या पैजेचं. नॉर्मल सीटीचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी मोठं नुकसान चित्रात उमटलेलं नव्हतं. पिण्याचा परवाना आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क खातं देतं, तेही गमतीनं 'आरोग्य राखण्यासाठी' असं लिहून. रेडिऑलॉजिस्ट देत नाही. ही पैज तुम्ही लावूच नका. हो म्हणालात आणि रिपोर्ट बरा आला तर तुमचं तोंड बंद. वाईट आला तर ते निराश होऊन जास्त पितील. सीटीच्या आधीच शांतपणे सांगा, की रिपोर्ट काहीही येवो, क्वार्टरचा निकाल त्यात लागत नाही.

त्यांना हिशेबाची भाषा कळत असेल, व्यापारी माणूस. क्वार्टर म्हणजे 180 मिली, आपल्याकडच्या व्हिस्कीत दारूचं प्रमाण 42.8 टक्के. शुद्ध अल्कोहोल होतं 61 ग्रॅमच्या आसपास. पुरुषांत रोज 30 ग्रॅमच्या वर गेलं की सिरॉसिसचा धोका वाढायला लागतो असं युरोपातले लिव्हरतज्ज्ञ मानतात. रोजचे 61 म्हणजे वर्षाला बावीस किलो, चौदा वर्षांत तीन क्विंटलच्या वर. शनिवारची दुसरी क्वार्टर यात धरलेली नाही. रोज भरपूर पिणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी साचते. त्यातल्या थोड्यांना, दहा-वीस टक्क्यांना, सिरॉसिस होतो. "मग मला होणार नाही" असं ते लगेच म्हणतील. त्यांच्या प्लेटलेट्स आणि प्लीहा बघता मी त्यांना सुरक्षित ऐंशीत धरणार नाही. याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगा: दारू पूर्ण थांबली तर नुसती चरबी चार-सहा आठवड्यांत उतरू शकते. लिव्हरइतका क्षमाशील अवयव दुसरा मला माहीत नाही. सिरॉसिस असला तरी सोडल्यानं आयुष्य वाढतं.

आणि आता ती 'कधीकधी'. पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

एक जुनी आठवण आहे. चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढंच. माणूस चाळिशीचा, चांगला धडधाकट. लिव्हरमध्ये चरबी होती, कड किंचित खडबडीत वाटली, पण मी मनाशी म्हटलं, वजन आहे, शुगर असेल. रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' लिहून मोकळी झाले. त्याला बाहेरच्या खुर्चीवर बसलेला मी पाहिला होता, उठून जाऊन "रोज घेता का?" एवढं विचारलं नाही, कारण पुढे अकरा पेशंट होते. वर्षभरानं तोच माणूस रक्ताची उलटी करून आला. जुना सीटी मी परत उघडला तेव्हा अन्ननलिकेजवळच्या शिरा तिथे होत्या. बारीक होत्या, पण होत्या. चिठ्ठीवर 'रोज दारू, दहा वर्षं' असं लिहिलेलं असतं तर मी त्या शोधल्या असत्या, दुर्बिणीची तपासणी सुचवली असती. चित्र वाचणारा डोळा काय शोधायचं हे ठरवूनच बघतो.

म्हणून ताई, तुमचं पहिलं काम सीटीच्या आधीचं. डॉक्टरांकडे पुन्हा जा. मिस्टरांना आधी सांगा, की मी या वेळी खरं सांगणार आहे. त्यांच्या पाठीमागे चिठ्ठ्या सरकवल्या तर घरात नवीन भांडण. बोलायला जड जात असेल तर घरूनच कागदावर लिहून न्या: रोज एक क्वार्टर, शनिवारी दोन, चौदा वर्षं, श्रावणात हात थरथरले, मुंग्या दिसल्या. तो कागद टेबलावर ठेवा. डॉक्टरांना सांगा की सीटीच्या चिठ्ठीवरही हे लिहा. लाज वाटेल, हे मला मान्य आहे. पण रिपोर्ट टाइप करणाऱ्याला तुमच्या घराण्याशी काही देणंघेणं नसतं हो, त्याला फक्त आकडा हवा असतो. त्याच भेटीत बी आणि सी काविळीची रक्ततपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, साखर आणि रक्त गोठण्याची आयएनआर झाली आहे का तेही बघा.

सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. पोटाच्या सीटीच्या एका फेजला साधारण 5 ते 10 मिलिसिव्हर्ट किरणं लागतात, तीन फेजला त्याच हिशेबानं जास्त. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. त्यामुळे "दर सहा महिन्यांनी सीटी काढून बघू" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. सिरॉसिस ठरला तर सहा-सहा महिन्यांनी करायची ती सोनोग्राफी, तिच्यात किरणं नाहीत. पण 47 वर्षांच्या माणसाची संशयाची गाठ बघायला एकदा सीटी करणं, यात फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा. सासूबाईंना सांगा, किरणांपेक्षा क्वार्टरनं होणाऱ्या कॅन्सरची भीती धरा.

सीटीच्या दिवशी चारेक तास उपाशी. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील, आधी कधी कॉन्ट्रास्टनं, म्हणजे त्या टोचायच्या औषधानं, अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, तर आधीच सांगा. औषध जाताना अंग एकदम गरम होतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं, झालेली नसते. मिस्टर घाबरून उठून बसू नयेत म्हणून सांगून ठेवा. आदल्या रात्री तुम्ही दडपशाहीनं दारू बंद करू नका. दुपारी टेबलावर थरथरणाऱ्या माणसाचा फोटो हलतो आणि श्वास रोखता येत नाही. डॉक्टरांशी बोलून सोडण्याची तारीख ठरवा आणि सीटी त्याच्याशी जुळवा.

मधल्या काळात डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास, पोट एकदम फुगलं, दिवसा झोप आणि रात्री बडबड, असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. 108 ला फोन करा नाहीतर सरळ मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. पिऊन पडले आणि डोक्याला लागलं तर "झोपू द्या" म्हणू नका. दारूच्या झोपेत मेंदूतला रक्तस्राव लपतो. अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका, आणि पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. 'काविळीचा पाला', गुळवेलाचा काढा, लिव्हर टॉनिक, काही नको. गुळवेलानं लिव्हर सुजलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत.

तुमच्यासाठीही एक नंबर देते, कारण पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही. टेलि-मानस, 14416, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री मिस्टर झोपल्यावर लावला तरी चालेल.

सीटीला जाताना धंतोलीच्या सोनोग्राफीची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही न्या, त्या 14 मिलिमीटरची नेमकी जागा त्यात असेल. आणि सेंटरच्या लिफ्टमध्ये शिरण्याआधी चिठ्ठी उघडून बघा, त्यावर क्वार्टर लिहिलीय का.